पैशाचं सोंग न आणता लार्पचा पोशाख: जुन्या ब्लँकेटपासून चिलखतापर्यंत

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. लार्पच्या पहिल्या खेळाला येणारे बरेच जण नेमका उलटा घोळ घालतात: पैसा ओततात आणि सोंगच वठत नाही. मीही घातला होता. माझ्या पहिल्या पोशाखात चकचकीत फोमचं छातीकवच होतं, काळ्या मखमलीचा क्लोक (खांद्यावरून पाठीवर सोडायचं पांघरूण) होता, आणि खाली रोजची जीन्स नि धावायचे पांढरे बूट. फोटोत कमरेच्या वर मी सरदारीण दिसत होते. प्रत्यक्षात दुपारपर्यंत कवचाने काखा सोलल्या आणि रात्री शेकोटीची एक ठिणगी उडून क्लोकला नाण्याएवढं भोक पडलं. भोकाची कड काळी, टणक, मण्यासारखी झाली होती. कापड जळलं नव्हतं, वितळलं होतं. मखमल पॉलिएस्टरची निघाली.

लार्प म्हणजे लाइव्ह अ‍ॅक्शन रोलप्ले. कुणी बसून फासे टाकत नाही. पात्राचा वेश चढवून, त्याच्याच तोंडाने बोलत, मैदानात किंवा रानात खेळायचं. कधी चार तास, कधी तीन दिवस. कॉस्प्लेशी याची गल्लत करू नका. तिथे पोशाख एखाद्या ओळखीच्या पात्रासारखा हुबेहूब दिसला की काम झालं. इथे तुम्ही त्याच कपड्यांत पळणार, उकिडवे बसणार, पावसात भिजणार आणि बहुधा झोपणारही. शिवाय इथे प्रेक्षक नसतो. समोरचा खेळाडू तुम्हाला पहिल्यांदा बघतो तो दहा-पंधरा पावलांवरून, बहुतेक वेळा अंधुक उजेडात. त्याला दिसते ती आकृती: डोक्यावर काय आहे, कपड्याचा घेर कुठवर येतो, कमरेला काय लोंबतंय, पायात काय आहे. कवचावरची नक्षी त्याला दिसत नाही.

म्हणून माझा क्रम आता ठरलेला आहे. आधी कापड, मग पट्टा, मग पाय. चिलखत सगळ्यात शेवटी, आणि तेही पात्राला लागत असेल तर.

कात्री हातात घेण्याआधी

खेळाची नियमावली वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण पैसे इथेच वाचतात. काही खेळांत एखादा रंग किंवा चिन्ह एकाच राज्याचं किंवा पंथाचं असतं. हौसेने जांभळा अंगरखा शिवावा आणि पहिल्याच दिवशी लोकांनी 'महाराज' म्हणत वाकावं, असं होऊ शकतं. काही ठिकाणी चिलखताचे गुण (म्हणजे ते किती वार झेलणार) ते कशाचं आहे त्यावर मिळतात, काही ठिकाणी नुसत्या दिसण्यावर. शस्त्रांची तर जवळपास सगळीकडे खेळाआधी तपासणी होते. त्यामुळे पहिलं शस्त्र स्वतः बनवायच्या फंदात पडू नका. आतला दांडा, टोकाचा मऊपणा, वरचा लेप यांत एक चूक झाली तरी ते बाद होतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे कुणाच्या डोळ्याला लागतं. पहिल्या खेळापुरतं मागून घ्या. आयोजकांकडे उसनी शस्त्रं बऱ्याचदा असतात.

मग पात्र. 'एल्फ योद्धा' (एल्फ म्हणजे गोष्टींतली टोकदार कानांची जमात) एवढ्यावर पोशाख होत नाही. हा माणूस पोट कशावर भरतो, कुठे झोपतो, कशात चालतो, ते ठरवा. या लेखापुरती मी एक बाई घेते: दलदलीतून लोकांना पलीकडे नेणारी वाटाडी. तिच्याकडे घोडा नाही, पैसा बेताचा, पाय कायम ओले. एवढं ठरलं की निम्मे निर्णय आपोआप होतात. कपडा गुडघ्याच्या वर, कारण चिखल. रंग शेवाळी आणि तपकिरी. डोक्याला हूड, म्हणजे डोकं-मान झाकणारं टोपडं. कमरेला दोरी, सुरी, दोन-तीन थैल्या. चिलखत जवळजवळ नाहीच. गरीब पात्र स्वस्तात पडतं हे खरं, पण मला ते आवडतं ते दुसऱ्या कारणासाठी: राजाच्या पोशाखातली चूक लगेच डोळ्यात भरते, वाटाडीच्या अंगावरची चूक ठिगळ म्हणून खपून जाते.

रंग दोन मुख्य आणि एक लहानसा, बस. आणि अगदी काळाकुट्ट पोशाख टाळा. नव्या खेळाडूंतला प्रत्येक दुसरा जण काळ्यात येतो. काळ्यावर घडी दिसत नाही, शिवण दिसत नाही, मळ दिसत नाही. दहा पावलांवरून माणूस म्हणजे नुसता एक ठिपका. गडद तपकिरी, करडा किंवा विटकरी रंग तेच गांभीर्य देतो आणि कापड कापडासारखं दिसतं.

कापड: आधी जाळून बघा

नवं कापड विकत घेण्याआधी घरातलं कपाट आणि जुन्या कपड्यांचं दुकान धुंडाळा. शोधायचं काय? लोकरीची जुनी ब्लँकेटं, जाड सुती चादरी, लिननचे पडदे, अस्सल चामड्याच्या फाटक्या पर्स आणि जाकिटं, रुंद पट्टे. कपडा म्हणून त्याकडे बघू नका, कापडाचा तुकडा म्हणून बघा. मोठ्या मापाचा चामडी कोट म्हणजे दोन मनगटी कवचं, तीन थैल्या आणि वर उरलेल्या वाद्या.

पण लेबलवर विश्वास ठेवू नका. जुन्या कपड्याला ते असतंच असं नाही. आतल्या शिवणीतून काही धागे काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याचा वाडगा ठेवा आणि काडी लावा. सूत किंवा लिनन असेल तर भराभर जळतं, कागद जळल्यासारखा वास येतो, मागे मऊ राखाडी राख राहते. लोकर नीट पेटत नाही, ज्योत बाजूला केली की विझते आणि केस जळल्याचा वास सुटतो. राख बोटांनी चुरली जाते. पॉलिएस्टर किंवा नायलॉन असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला टणक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही लक्षणं दिसतात.

हा मणी लक्षात ठेवा. शेकोटीजवळ बसणार असाल तर तो कापडावर नाही, कातडीवर होतो. अंगाला चिकटून असलेला थर आणि क्लोक, हे दोन तरी सुती, लिनन किंवा लोकरीचे असू द्यात. मधला एखादा पट्टा कृत्रिम धाग्याचा असला तर मी डोळेझाक करते.

मिळालेलं कापड बेतण्याआधी धुऊन, वाळवून घ्या. शिवल्यावर आटलं तर बाही कोपरावर येते.

अंगरखा: सगळा चौकोनांचा खेळ

मध्ययुगीन कपडे शिवायला अवघड असतील असं वाटतं. उलट आहे. कापड हाताने विणलं जायचं, महाग असायचं, म्हणून बेत असा करायचे की चिंधी उरू नये. १९३६ साली स्वीडनमधल्या बॉकस्टेनच्या दलदलीत एका माणसाचा देह सापडला, चौदाव्या शतकातला मानला जाणारा, आणि अंगावरचे लोकरी कपडे जवळजवळ पूर्ण टिकलेले: अंगरखा, क्लोक, लांब शेपटीचा हूड, पायांवर चढवायच्या सुट्या विजारी, चामडी जोडे. आपल्या वाटाडीला दलदलीतूनच आयता नमुना मिळाला म्हणायचा. त्या यादीत चिलखत नाही, आणि तरी तो माणूस कुठल्याही काल्पनिक जगात सहज खपेल.

माप धरू छाती ९६ सेंमी. त्यात सैलपणासाठी २० मिळवा: ११६. त्याचा निम्मा ५८, दोन्ही कडांच्या शिवणीसाठी ३, म्हणजे रुंदी ६१ सेंमी. लांबी खांद्यापासून गुडघ्याच्या जरा वरपर्यंत, समजा १०० सेंमी. पुढचा आणि मागचा भाग एकाच लांब पट्टीतून काढायचा, खांद्यावर शिवण न घेता, म्हणून २०५ सेंमी. १५० सेंमी पन्ह्याचं कापड असेल तर सव्वादोन मीटरमध्ये सगळं बसतं:

मुख्य पट्टी ६१ × २०५, एक.
बाह्या ४७ × ५५, दोन. ४७ म्हणजे दंडाचा घेर ३२, सैलपणा १२, शिवण ३.
खालचा घेर वाढवणाऱ्या कळ्यांसाठी चौकोन २० × ६०, दोन. प्रत्येक कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपा कापा, म्हणजे चार काटकोन त्रिकोण मिळतात; दोन-दोन जोडले की दोन कळ्या.
काखेसाठी लहान चौकोन १५ × १५, दोन.

काखेतला चौकोन गाळायचा मोह होतो. गाळू नका. तो नसेल तर हात वर करताच सगळा अंगरखा वर ओढला जातो, आणि तलवार चालवताना हात वरच असतात. माझ्या दुसऱ्या अंगरख्याला तो नव्हता. पहिल्याच चकमकीत डाव्या काखेतून टर्रकन उसवला.

शिवायचा क्रम महत्त्वाचा. आधी गळा, कापड सपाट असतानाच. पट्टीची मधोमध आडवी घडी म्हणजे खांद्याची रेघ. त्या रेघेवर १६ सेंमी रुंदीचा गळा आखा, पण सारखा गोल नको: मागे फक्त २ सेंमी खोल, पुढे ८. मग पुढे मधोमध १२ सेंमीची उभी चीर द्या, म्हणजे डोकं जाईल. गळा आखल्यापेक्षा लहानच कापा. वाढवता येतो, कमी करता येत नाही. आतून कापडाची पट्टी लावून कड बंद करा. त्यानंतर बाहीचा मध्य खांद्याच्या घडीला टेकवून दोन्ही बाह्या जोडा. मग काखेचे चौकोन बाहीच्या कडेला. मग कळ्या, टोक कमरेच्या जरा खाली येईल अशा. आणि शेवटी मनगटापासून काखेतून खालच्या काठापर्यंत एकच सलग शिवण, दोन्ही बाजूंना. बाही मनगटाकडे २५ सेंमी घेरापर्यंत निमुळती करा. त्याहून अरुंद केली तर पंजा जात नाही.

मशीन नसेल तर हाताने होतं. साधा धावदोरा घाला, पण दर चार-पाच टाक्यांनंतर एक उलटा टाका घ्या, म्हणजे दोरा एका ठिकाणी तुटला तरी सगळी शिवण सुटत नाही. दोरा मेणावरून एकदा ओढून घेतला की गुंता कमी होतो. मशीनवर शिवणार असाल तरी गळा आणि खालचा काठ हाताने दुमडून शिवा. मशीनची सरळ टीप बाहेरून दिसली की कपडा आजचा वाटतो. जवळ बसून बोलणारा माणूस तेवढंच बघतो.

खाली काय? सैल, एकरंगी सुती विजार. खिशांवरची बटणं उसवा, चेन असेल तर अंगरख्याखाली झाकली जाते. यावर पैसे घालवू नका.

हूड: सगळ्यात कमी कापडात सगळ्यात मोठा फरक

एकच नवी गोष्ट शिवायला वेळ असेल तर हूड शिवा. केशरचना, चष्म्याच्या काड्या, कानातली यंत्रं, सगळं झाकतो, आणि दहा पावलांवरून माणसाची आकृतीच बदलतो. बॉकस्टेन सापडलं त्याच वर्षी नॉर्वेतल्या शोल्डेहाम्न इथल्या दलदलीत आणखी एक पोशाख मिळाला. त्यातल्या हूडचा बेत इतका साधा आहे की एका संध्याकाळी होतो. खालची मापं त्या बेतावर माझ्या डोक्यासाठी बसवलेली आहेत.

एक पट्टी ३३ × १२० सेंमी आणि दोन चौकोन ३३ × ३३. पट्टी मधोमध दुमडा. घडी टाळूवर येते आणि दोन्ही बाजूंना ६० सेंमी खाली लोंबतं. मागची कड घडीपासून खाली ३० सेंमी शिवून टाका. पुढच्या कडेचे वरचे ३० सेंमी उघडेच, तिथून चेहरा दिसतो. आता पुढे आणि मागे खालचे ३० सेंमी चिरेसारखे उरले. त्या प्रत्येक चिरेत एक चौकोन बसवायचा: चौकोनाचा एक कोपरा चिरेच्या वरच्या टोकाला, त्याच्या दोन लगतच्या बाजू चिरेच्या दोन कडांना. समोरचा कोपरा छातीवर टोकासारखा लोंबतो. हा कोपरा वरच्या टोकाला नीट बसवणं एवढंच काय ते कौशल्याचं. तिथे आधी कच्चा दोरा घाला, घालून बघा, मग पक्की शिवण. माझं डोकं पहिल्या हूडमध्ये गेलं, पण बाहेर निघेना, म्हणून सांगते.

क्लोक: शक्यतो कापूच नका

बाजारातले तयार क्लोक बहुधा पातळ आणि चकचकीत असतात, वाऱ्यावर पतंगासारखे उडतात. क्लोकला वजन हवं. लोकरीचं एक ब्लँकेट, साधारण १५० × २०० सेंमी, न कापता आडवं पाठीवर घ्या, दोन्ही कडा उजव्या खांद्यावर आणा आणि जाड पिनेने अडकवा. उजवा हात मोकळा राहतो. शिवणकाम शून्य. आणि रात्री पिन काढली की पांघरायला ब्लँकेट तयार. कडांना असलेली मशीनची चमकदार सॅटिन पट्टी मात्र उसवून टाका, नाहीतर गुपित फुटतं.

पिनेसाठी दागिना नको. जाड तारेचा तुटका गोल आणि त्यात अडकवलेला काटा पुरतो. सेफ्टी पिन आतून लावून वर जुनं मोठं बटण शिवलं तरी चालतं.

अर्धवर्तुळाचाच हवा असेल तर गणित एवढंच. गळ्याचा घेर भागिले ३.१४ म्हणजे गळ्याची त्रिज्या. घेर ४२ असेल तर साधारण १३ सेंमी. क्लोकची लांबी १२० हवी असेल तर बाहेरची त्रिज्या १३३, म्हणजे कापड १३३ रुंद आणि २६६ लांब. कापडाच्या लांब काठाच्या मधोमध दोरीचं एक टोक बोटाने खुंटीसारखं दाबून, दुसऱ्या टोकाला खडू बांधून दोन्ही कमानी आखा. कापल्यावर लगेच काठ दुमडू नका. एक दिवस टांगून ठेवा. तिरप्या धाग्याचा भाग स्वतःच्या वजनाने लांबतो आणि दुसऱ्या दिवशी काठ वरखाली झालेला दिसतो. तो सारखा करा, मग दुमडा.

पट्टा आणि त्यावरचा संसार

पट्ट्याशिवाय अंगरखा म्हणजे झोपायचा गाऊन. पट्टा लावला, वरचं कापड थोडं ओढून पोटावर सैल सोडलं, की तोच पोशाख होतो. तीन-चार सेंमी रुंद, लांबी कमरेच्या घेरापेक्षा ५० ते ६० सेंमी जास्त. बक्कल लागत नाही. एका टोकाला धातूची कडी पक्की करा. मोकळं टोक कडीतून पुढे काढा, पट्ट्याच्या मागून वर घ्या, आणि समोर जो फास होतो त्यातून खाली सोडा. ओढला की बसतो, लांब टोक मांडीवर लोंबतं. एवढा लांब एकसंध पट्टा मिळाला नाही तर दोन जुने पट्टे जोडा आणि जोड पाठीमागे ठेवा.

थैलीसाठी चामड्याचा ३० सेंमी व्यासाचा गोल, कडेने दोन-दोन सेंमीवर भोकं, त्यातून वादी. ओढली की थैली. अशा दोन करा. एकात खेळातली नाणी आणि चिठ्ठ्या, दुसऱ्यात तुमची खरी औषधं, किल्ली, फोन. फोनसाठी आत मऊ कापड घाला आणि आवाज बंद करा.

इथे थांबून पात्राकडे बघा. आमच्या वाटाडीच्या पट्ट्याला एक वेटोळं केलेली दोरी असते, चिखलाची खोली मोजायला गाठी मारलेली. दर वितीला एक गाठ. खेळात तिचा उपयोग एकदाच झाला असेल, पण लोक येऊन विचारतात, 'या गाठी कसल्या?' आणि संभाषण सुरू होतं. पोशाखावर अशी एक वस्तू असू द्या जिच्याबद्दल विचारावंसं वाटेल. अशा पाच वस्तू लटकवल्या तर मात्र चालतं-बोलतं भंगाराचं दुकान दिसतं, आणि पळताना खणखणाट होतो तो वेगळाच.

पाय

नवे 'मध्ययुगीन' बूट घेऊन थेट खेळाला जाऊ नका. पायाला सवय झालेले, घोटा धरणारे, तपकिरी किंवा काळे बूट असतील तर तेच घाला आणि झाका. एकूण खर्चातला मोठा वाटा कुठे जाणार असेल तर तो चांगल्या बुटांत जाऊ द्या. ते खेळाबाहेरही वापरता येतात.

झाकायला पायपट्ट्या. आठ ते दहा सेंमी रुंद, अडीच-तीन मीटर लांब लोकरी पट्ट्या, त्याच जुन्या ब्लँकेटमधून. घोट्याखालून सुरुवात करायची, बुटाची वरची कड आणि नाड्या झाकत, प्रत्येक फेरा आधीच्या निम्म्यावर घेत गुडघ्याखालपर्यंत. टोक खोचा किंवा वादीने बांधा. पोटरी फुगते, म्हणून उभं राहून नव्हे तर उकिडवं बसून घट्टपणा तपासा; पावलाला मुंग्या आल्या तर सोडा आणि पुन्हा गुंडाळा. पहिल्या महायुद्धातले सैनिक गुंडाळायचे त्या अशाच, आणि इंग्रजीतलं त्यांचं नाव 'पटी' आपल्याकडच्या पट्टीवरूनच गेलेलं आहे.

चिलखत, लागत असेल तर

पूर्ण धड झाकणारं चिलखत पहिल्या वर्षी करू नका. एक खांदा किंवा दोन मनगटं करा. अर्धवट चिलखत घातलेला माणूस लढाईतून आल्यासारखा दिसतो; पूर्ण पण फसलेलं चिलखत घातलेला, खोक्यातून आल्यासारखा.

स्वस्त माल म्हणजे ईव्हीए फोम: व्यायामाच्या चटया, जमिनीवर जोडायच्या फरश्या. मनगटाला पाच-सहा मिलिमीटर जाडी, खांद्याला आठ-दहा. नमुना स्वतःच्या हातावरच काढा: बाहीवरून स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळा, वर कागदी चिकटपट्टीचे थर द्या, पेनाने कवचाची रेघ आखा, मागच्या रेघेवर कापून सोडवा. सपाट झाला की तो तुमचा नमुना. कापताना मदतीला दुसरं माणूस घ्या आणि बोथट टोकाची कात्री.

फोम कात्रीने नाही, धारदार पात्याने कापायचा, एकाच ओढीत. फोम पात्याची धार लवकर खातो; कड कुरतडल्यासारखी दिसू लागली की पातं बदला. मग हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) पृष्ठभाग हलकेच तापवा. फोमची चमक किंचित बदलते, छिद्रं बंद झाल्याची ती खूण. गरम असतानाच मांडीवर किंवा बाटलीवर वाकवून थंड होईपर्यंत धरा. चामड्याचा पोत हवा असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा कागद चुरगळून, उलगडून, तापलेल्या फोमवर दाबा. पाच मिनिटांचं काम आहे आणि परिणाम थक्क करणारा.

जोडायला कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह. दोन्ही कडांना पातळ लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, साधारण दहा मिनिटं, आणि मग जोडा. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. हे काम उघड्यावर करा. वाफ डोक्यात जाते, आणि ती पेट घेणारी असते, म्हणून हीट गन तेव्हा लांब. फोम घासणार असाल तर तोंडाला मास्क.

रंगाआधी पांढरा लाकडाचा गोंद पाण्यात थोडा पातळ करून तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येक वाळवून. मग सगळं काळं रंगवा. आता चपट्या ब्रशला चंदेरी रंग लावून तो चिंधीवर जवळजवळ पुसून टाका आणि उरलेला कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलका फिरवा. खाचा काळ्या राहतात, कडा उजळतात. शेवटी मंद चमकीचं वार्निश, कारण गोंदाला ओल सोसत नाही. वाद्या बांधताना कवचाच्या आत, काखेकडच्या कडेला मऊ कापड लावा. माझ्या काखांच्या वतीने ही विनंती.

साखळ्यांचं चिलखत? एक-एक कडी ओवायला कित्येक आठवडे जातात, वजन खांद्यावर येतं. हौस असेल तर जरूर, पण बचतीच्या लेखात ते बसत नाही.

चेहरा

कातडीवर फक्त चेहऱ्यासाठीचेच रंग. चित्रकलेचा अ‍ॅक्रिलिक रंग नाही, कधीच नाही. एल्फच्या नकली कानांची टोकं, त्यांचा गोंद, रंग, जे काही अंगाला लागणार ते आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. लेटेक्स काहींना चालत नाही. पहिल्या खेळाला पूर्ण हिरवा चेहरा घेऊ नका. घामाने ओघळतो, कॉलरला लागतो, आणि दर दोन तासांनी आरसा शोधावा लागतो.

नवेपणा घालवणं

सगळं तयार झालं की त्याचा नवेपणा मारायचा. कापड खरंच कुठे झिजतं ते स्वतःच्या जुन्या कपड्यांवर बघा: कोपर, गुडघे, बाहीची कड, खालचा काठ, आणि जिथे पट्टा घासतो ती रेघ. तिथेच पॉलिशपेपर फिरवा, बाकी ठिकाणी नाही. सगळीकडे सारखा मळ लावला की तो डाग वाटतो, वापर वाटत नाही. पांढरं सुती कापड कडक काळ्या चहात तासभर बुडवून ठेवलं की पिवळट तपकिरी होतं. पॉलिएस्टरवर हा रंग बसत नाही, म्हणजे इथेही चाचणी झालीच. खालच्या काठाला तपकिरी रंग खूप पातळ करून ओल्या कापडावर थोपटा, वरच्या दिशेने विरळ होत जाईल असा. चामडं सरळ चुरगळा, तेलाचा हात द्या, पुन्हा चुरगळा.

एखादं ठिगळ मुद्दाम लावा, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. आमच्या वाटाडीच्या डाव्या काखेत एक आहे. ते मुद्दाम नाही.

तालीम

खेळाच्या निदान आठवडाभर आधी सगळं चढवून दोन तास घरात वावरा. जिने चढा. उकिडवे बसा. दोन्ही हात वर करा. जमिनीवर आडवे व्हा आणि उठा. शौचाला जाऊन या. याचा विचार पोशाख शिवताना कुणीच करत नाही. मग दिवे घालवा आणि अंधारात, कुणाच्या मदतीशिवाय सगळं काढून पुन्हा चढवा. जी गाठ अंधारात सुटत नाही ती बदला.

पिशवीत टाका: सुई, मेण लावलेला दोरा, चार सेफ्टी पिना, हातभर वादी, तपकिरी चिकटपट्टी, आणि आत घालायला कोरड्या कपड्यांचा एक जोड.

परत आल्यावर धुवायच्या आधी पोशाख टांगा आणि हातात खडू घ्या. जिथे टोचलं, घासलं, उसवलं, तिथे खूण करा. आठवड्याने ते आठवत नाही. लोकर सावलीत वाळवा, गरम पाणी दाखवू नका. क्लोकच्या काठाचा चिखल वाळला की नुसता झटका. उरेल तो राहू द्या, तो रंगवून आणता येत नाही.